लांडग्यांचे दार

रात्र बरीच झाली आहे, तरी लांडग्यांचा विषय मनातून जात नाही, म्हणून लिहून ठेवतो. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात कॅनडाहून आणलेल्या लांडग्यांच्या कुंपणाचे दार उघडले, तेव्हा एक कळप बाहेर पडेचना. त्याच दारातून माणसे मांस टाकायला येत असत, त्यामुळे लांडग्यांना ती वाट धोक्याची वाटली असावी. शेवटी मागची जाळी कापून त्यांना दुसरी वाट करून द्यावी लागली. १९२६ पर्यंत तिथले लांडगे सरकारी मोहिमेतच संपवले गेले होते, त्यामुळे सरकारनेच त्यांना परत आणावे, हे मला न्याय्य वाटते.

लांडगे आले, एल्क हरणे घटली, वाळुंजाची झुडपे वाढली आणि ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर परतले, ही गोष्ट मीही अनेकांना भारावून सांगितली आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. एल्क घटण्यात अस्वले, कूगर (पहाडी सिंह) आणि माणसांनी केलेली शिकार यांचाही वाटा होता, आणि बीव्हर गेल्यावर जे ओढे खोल कापत गेले, त्यांच्या काठची वाळुंजे पुष्कळ ठिकाणी अजून खुरटीच आहेत. यापुढे हा भाग मी गाळणार नाही.

आज मात्र मनात घोळत होते ते अमेरिकेतलेच कोलोरॅडो राज्य. २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी अगदी काठावरच्या बहुमताने लांडग्यांच्या पुनर्वसनाला कौल दिला. पुनर्वसनाच्या बाजूची मते मुख्यतः शहरी भागांतून आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगॉन राज्यातून आणलेले पहिले १० लांडगे मात्र सोडले गेले ते पश्चिमेकडच्या, गुरे चारणाऱ्यांच्या मुलखात. मारल्या गेलेल्या जनावरामागे १५,००० डॉलरपर्यंत भरपाई मिळते. परंतु विस्तीर्ण कुरणात वासरू सापडेपर्यंत त्याची हाडेच उरलेली असतात, मग पंचनामा कशाचा करणार? हरवलेली जनावरे आणि भेदरलेल्या गुरांचे घटलेले वजन यांचाही हिशेब तिथल्या नियमांत धरला आहे, आणि मला ती त्या योजनेतली सर्वांत माणुसकीची बाब वाटते.

मी लांडग्यांच्याच बाजूचा आहे. मात्र कौल देणाऱ्यांनी राखणदार कुत्री, रात्रीचा पहारा आणि कुंपणाभोवती बांधायचे लाल पट्ट्यांचे दोर यांचा खर्चही वर्षानुवर्षे उचलला पाहिजे, कारण त्या फडफडणाऱ्या पट्ट्यांना लांडगे काही काळाने सरावतात आणि मग पशुपालकाला पुन्हा स्वतःच रात्र जागून काढावी लागते.