रनर कापायचा कधी? बाल्कनीतल्या आणि पाण्यातल्या नोंदी

मार्च-एप्रिल

फळं संपली की बहुतेक जण स्ट्रॉबेरीची कुंडी रिकामी करतात. यंदा मी ती ठेवली, कारण मला फळांपेक्षा रनर, म्हणजे झाडापासून निघून आडवे सरपटणारे आणि पुढे नवं रोप धरणारे देठ, बघायचे होते. महाबळेश्वरजवळच्या भिलारकडच्या एका बागायतदार काकांकडून आणलेली विंटर डॉन आणि स्वीट चार्ली अशा दोन जातींची रोपं आहेत. दोन्ही लहान दिवसांत फुलणाऱ्या. दिवस वाढला, हवा तापली, की फुलं थांबतात आणि पानांच्या बेचक्यातले डोळे रनर काढू लागतात. पुण्यात सर्वांत मोठा दिवस १३ तासांच्या थोडा वर जातो, तेवढं या जातींना पुरतं. काका म्हणाले होते, ‘‘ताई, रनर पाहिजेत ना? मग फूल दिसलं की खुडायचं. दया दाखवायची नाही.’’ खुडलं. दुपारी हिरव्या जाळीची सावली दिली, नाहीतर पुण्याच्या एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपतात.

रनर नीट पाहिला तर त्याची एक ठरलेली रीत दिसते. मदर प्लांटपासून, म्हणजे मूळ झाडापासून, निघाल्यावर पहिलं पेर येतं तिथे बहुधा काहीच होत नाही. एक चिमुकलं पानासारखं खवल्याचं आवरण असतं आणि आत झोपलेला डोळा. रोप येतं दुसऱ्या पेरावर. तिथून पुढे पुन्हा एक पेर रिकामं, एकावर रोप. म्हणून रिकाम्या पेरावर माती ओढून वाट बघत बसू नका. झोपलेला डोळा जागा झालाच तर रनरलाच फांदी फुटते, माझ्या स्वीट चार्लीला दोन ठिकाणी फुटली आहे.

मे

नव्या रोपाच्या बुडाशी भिंगातून पाहिलं. मातीला टेकायच्या आधीच खालच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढी गुलाबीसर टोकं आलेली असतात. तीच पुढची मुळं. कठड्यावरून लोंबणाऱ्या रनरवर ही टोकं मेच्या कोरड्या हवेत तपकिरी पडून वाळली, तर ओल्या कोकोपीटला (नारळाच्या काथ्याच्या भुशाला) टेकवलेल्या रोपाची आठवडाभरात पांढरी होऊन आत शिरली. टेकवायला केसांची साधी पिन वाकवून वापरते. रोपाचा गाभा मात्र मातीच्या वरच राहू द्यायचा, गाडला की कुजतो.

रनर कापायचा कधी, हे ज्याला त्याला वेगवेगळं सांगितलेलं असतं. मी वाळूवर बघायचं ठरवलं. एकाच मदर प्लांटची, थोडी मुळं धरलेली दोन रोपं कोरड्या वाळूच्या कुंड्यांत. एकाचा रनर कापला, दुसऱ्याचा ठेवला. पाणी फक्त मदर प्लांटला. कापलेलं रोप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मान टाकून बसलं. जोडलेलं ताठ, आणि त्या आठवड्यात त्याने घडी घातलेलं नवं पान उलगडलंसुद्धा. सुतळीएवढ्या जाडीच्या देठातून एका अख्ख्या रोपाचं पाणी जात होतं.

जून

मग उलटं करून पाहिलं. रोपाला पाणी, मदर प्लांट कोरडं. आठवडा निघाला, मदर प्लांटची पानं थोडी मऊ पडली पण उभी राहिली. पण नेमका तेव्हाच पाऊस आला आणि हवा इतकी दमट झाली, की या निकालावर माझा विश्वास नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा.

मात्र हा देवाणघेवाणीचा प्रकार खरा आहे, हे जुनंच ठाऊक आहे. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठच्या वाळूत वाढणाऱ्या रानटी स्ट्रॉबेरीवर अल्पर्ट आणि मूनी या संशोधकांनी १९८६ मध्ये काम प्रसिद्ध केलं. एका रोपाला उजेड कमी, दुसऱ्याला पाणी कमी, अशी जोडी रनरने जोडलेली असेल तर दोघांचं निभतं, कारण एकाकडून पाणी जातं आणि दुसऱ्याकडून अन्न. म्हणजे रनर हा नुसता पुढे जायचा रस्ता नाही, सामायिक पाइप आहे. घाईने कापणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. माझा नियम आता असा: तीन-चार पूर्ण पानं आणि हलकं ओढून रोप हललं नाही, तरच कात्री. न कापला तरी तो पुढे आपणच वाळतो.

महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात हेच काम मोठ्या प्रमाणावर चालतं. मदर प्लांट बाहेरून मागवायचे, पावसाळ्यात रनरपासून पिशव्यांत रोपं करायची, सप्टेंबर-ऑक्टोबरात शेतात लावायची. घरच्याच झाडांवर वर्षानुवर्षं का भागवत नाहीत, याचं एक कारण रनरच. जात जशीच्या तशी पुढे जाते, पण मदर प्लांटमध्ये विषाणू असेल तर तोही तसाच जातो. बाल्कनीवाल्यांनी कोकडलेल्या पानांच्या झाडावरून रोपं वाटू नयेत, ही कळकळीची विनंती.

ऑगस्ट, टाकी

वॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचं थोडक्यात सांगते, कारण ती आपल्यापैकी निम्म्यांच्या माशांच्या टाकीत असते. एका रोपापासून सुरुवात होती, आता मागची काच दिसत नाही. पुढच्या काचेलगत खडीखाली तिचा पांढरा रनर सरळ दिसतो, काचेच्या कोपऱ्यात आला की वळतो.

गंमत फुलाची. एका दुपारी बारीक दोऱ्यासारखा, स्प्रिंगसारखे वळसे घेतलेला देठ थेट पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आलेला दिसला, टोकाला एक बारीकसं फूल. हे मादी फूल. नर फुलं वेगळ्या झाडांवर, पाण्याखाली तयार होतात आणि सुटून तरंगत वर येतात. माझी सगळी टाकी एकाच झाडाची रनरने झालेली पिल्लावळ असल्याने सगळी मादीच. बी कधीच धरणार नाही.

स्ट्रॉबेरीच्या इतिहासात हेच घडलं होतं. अमेदे फ्रेझिए हा फ्रेंच १७१४ मध्ये चिलीहून मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी घेऊन फ्रान्सला परतला, पण जगलेली मोजकी झाडं मादी निघाली. रनरने ती युरोपभर पसरली आणि फळांविना उभी राहिली. पुढे फ्रान्सच्या ब्रिटनी भागात शेजारी उत्तर अमेरिकेची दुसरी जात लावलेली होती तिथे फळं धरली, आणि त्या संकरातून आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी आली. हा संकर आहे हे दुशेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये ओळखलं.

नोव्हेंबर, रत्नागिरी

ही नोंद मला सगळ्यात जवळची. मामाकडे गेले होते, पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी साधली. खडकांमधल्या डबक्यात सरगॅसम या समुद्रशेवाळाच्या पानांवर बुरशीसारखा पांढरट लव दिसला. भिंगाखाली तो हायड्रॉइड, म्हणजे वसाहत करून राहणारा बारीक समुद्री प्राणी, निघाला, ओबेलिया या प्रकारासारखा. पानाचा छोटा तुकडा समुद्राच्या पाण्यात बरणीत घेतला. ‘‘मासळी सोडून गवत काय आणतेस गं?’’ मामी म्हणाली.

विद्यार्थ्यांच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, शंभरपट मोठं करून पाहिलं. पानावर आडवी सरपटणारी पारदर्शक नळी, तिच्यातून ठरावीक अंतरावर उभे वर आलेले दांडे, प्रत्येकाच्या टोकाला काचेसारख्या पेल्यात बसलेला, शुंडकं पसरलेला जीव. मांडणी थेट स्ट्रॉबेरीची. फरक नळीच्या आत आहे. इथे अन्नरस नाही, पोटच वाहतं: सगळ्या जिवांची पचनाची पोकळी एकच.

आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात आर्टेमिया या चिमुकल्या कोळंबीसारख्या जिवाची अंडी घातली होती. त्यातून निघालेली नारिंगी पिल्लं ड्रॉपरने सोडली. एका पेल्यातल्याने एक पकडलं, गिळलं, फुगला. काही वेळाने त्याच्या दांड्यातून नारिंगी कण खाली सरकू लागले, आडव्या नळीत आले, थांबले, मागे फिरले, पुन्हा पुढे. असं हेलकावत ते शेजारच्या, काहीच न पकडलेल्या दांड्यात चढले. नळीचं पुढचं टोकही थोडं पुढे, थोडं मागे, असं धडधडत वाढतं. मामी दोन मिनिटं बघायला बसली ती चहा गार झाला तरी उठली नाही. अंधार पडायच्या आत पान त्याच डबक्यात सोडून आले.

याच जातकुळीतला हायड्रॅक्टिनिया शंखातल्या खेकड्याच्या शंखावर पसरतो. दोन वसाहतींच्या नळ्या समोरासमोर आल्या आणि ओळख पटवणारी जनुकं जुळली तर त्या एक होतात. नाही जुळली तर नळ्या सुजतात, दंशपेशींनी भरतात आणि लढाई होते. माझ्या बाल्कनीत विंटर डॉन आणि स्वीट चार्लीचे रनर एकमेकांत गुंतून पडलेत, त्यांना कसलीच फिकीर नाही. गुंता सोडवताना वैताग मलाच.

डिसेंबर

सध्या फुलं सुरू आहेत, म्हणून रनर नाहीत. उन्हाळ्यात मदर प्लांट दाट सावलीत, जोडलेलं रोप उन्हात, आणि शेजारी तसंच कापलेलं जोड, असं लावणार आहे. पानं दर रविवारी मोजायची. कुणाकडे काळी शेडनेट जास्तीची असेल तर सांगा, माझी हिरवी फार उजेड सोडते.