एकटीची हीट

बॅकस्ट्रोकच्या, म्हणजे पाठीवर पोहायच्या शर्यतीच्या, स्टार्टला सगळा जीव पायांत असतो. पंचांची दुसरी लांब शिट्टी झाली की पाण्यातच भिंतीकडे तोंड करून हँडल धरायचं आणि पाय लेजवर रोवायचे. लेज म्हणजे स्टार्टिंग ब्लॉकवरून पट्ट्यांनी पाण्यात सोडलेली तिरकी, खरखरीत फळी. ती नव्हती तेव्हा भिंतीवरच्या ओल्या टचपॅडवरून (हात लागला की वेळ नोंदवणारी पाटी) पाय सटकणं नित्याचंच होतं. ऑलिंपिकमध्ये ती २०१६ साली रिओत पहिल्यांदा दिसली. आणि माझा पाय सटकला तो नेमका लेजमुळेच.

१०० मीटरची हीट, म्हणजे प्राथमिक फेरीतली शर्यत. ‘टेक युवर मार्क्स’ झालं, मी अंग वर ओढून घेतलं, बझर वाजला आणि पायाखालची लेजच खचली. एका बाजूची पट्टी सुटली होती. मागे झेप जायच्या ऐवजी मी पाठीवर धपकन आपटले. शर्यत कुणी थांबवली नाही, तेव्हा पोहत राहिले. पण सुरुवातीला १५ मीटरपर्यंत पाण्याखालून डॉल्फिन किकवर, म्हणजे दोन्ही पाय जोडून मारत, जाता येतं, आणि आमची निम्मी शर्यत तिथेच ठरते. (१९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा बॅकस्ट्रोकपटू डेव्हिड बर्कॉफ ३० मीटरच्याही पुढे पाण्याखालून जायचा, त्यानंतर मर्यादा आली.) माझे ते मीटर गेले ते गेलेच.

कोचने लगेच तक्रार केली. पंचांनी सुटलेली पट्टी स्वतः पाहिली आणि निर्णय दिला: सगळ्या हीट्स संपल्यावर मी एकटीने पुन्हा पोहायचं.

उपांत्य फेरीत सोळा जणी जातात. सोळावी होती ती टॉवेल गुंडाळून तलावाच्या कडेला उभी राहिली. मी तिच्याहून जोरात पोहले की ती बाहेर. यात तिचा काय दोष? तिला तर कुणी विचारलंही नव्हतं.

शेजारी कुणी नसलं की लाटा नसतात, पाणी मोकळं मिळतं. पण अंदाजही लागत नाही. एरवी बाजूला उडणाऱ्या पाण्यावरून कोण कुठे आहे ते कळतं. इथे दोन्हीकडे सपाट पाणी, वर छत. भिंतीच्या ५ मीटर आधी झेंड्यांची माळ डोक्यावरून गेली की स्ट्रोक मोजायचे, पालथं होऊन वळायचं, एवढंच हातात. परतीच्या लेंथला मांड्या भरून आल्या. सकाळीच एक शंभर मीटर पोहून झालेलं होतं ना.

बोर्डावर माझ्या नावापुढे १६ आलं.

ती सतरावी, म्हणजे पहिली राखीव. संध्याकाळी वॉर्मअप करून, रेसिंग सूट चढवून तिला कॉल रूमपाशी, शर्यतीआधी सगळ्या जमतात तिथे, थांबावं लागलं. माघार कुणीच घेतली नाही. उपांत्य फेरीत मी शेवटची आले. त्या पायांनी आणखी काय होणार होतं!

पुढच्या मोसमात आम्ही शेजारशेजारच्या लेनमध्ये आलो. ब्लॉकमागे उभ्या असताना ती माझ्या लेजकडे बोट दाखवून म्हणाली, “आधी ती पट्टी बघून घे. तुझी शर्यत मला दोनदा बघायची नाहीये.”