वळण संपलं तरी स्टेअरिंग परत येईना

गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य मी जॉबकार्डावर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवतो. त्या दिवशी वाळपईच्या एक शिक्षिका डिचोलीला आमच्या गॅरेजमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, वळण संपतं, पण स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही. मलाच ओढून आणावं लागतं."

गाडी मारुतीची पाच दारांची जिम्नी, दोन इंच उचललेली. स्प्रिंगा आणि शॉकअब दुसरीकडे बसवून घेतलेले. त्यानंतर दोन ठिकाणी अलाइनमेंट झालं होतं आणि दोन्हीकडे उत्तर एकच मिळालं: गाडी उंच झालीय मॅडम, सवय होईल. आदल्या आठवड्यात पर्वरीजवळ भर पावसात गाडी शेजारच्या ट्रककडे सरकली, तेव्हापासून त्यांनी महामार्गच सोडला होता. हे ऐकून मला राग आला. त्यांच्या वाक्यातच दुखणं स्पष्ट दिसत होतं.

सायकलचा पुढचा चिमटा बाजूने पाहिला तर वरून मागे झुकलेला दिसतो. गाडीच्या पुढच्या चाकाचा वळण्याचा आसही तसाच झुकलेला असतो, त्याला कास्टर म्हणतात. चाक वळवून सोडलं की ते सरळ यायला बघतं, ते मुख्यतः याच झुकावामुळे. जिम्नीला पुढे सॉलिड अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड आडवा आस. चासीपासून पुढे आलेल्या दोन लांब आर्मनी तो धरलेला असतो. गाडी उचलली की आर्मची पुढची टोकं खाली जातात, अॅक्सल पुढे कलंडतो आणि कास्टर कमी होतो. मशीनवर चढवून टाय रॉडने (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या स्टेअरिंगच्या दांड्याने) टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांचा आत-बाहेर कल, कितीही बरोबर केला, तरी कास्टर तिथेच राहतो. या गाडीत तो फिरवायला बोल्टच दिलेला नाही.

आधी टायरची हवा, चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचे बेअरिंग, टाय रॉडची टोकं, अॅक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडचे रबरी बुश तपासले. कुठेच खेळ नव्हता. मग मशीनवर घेतली. टो अगदी बरोबर. कास्टर मात्र डावीकडे उणे 1.1 अंश, उजवीकडे उणे 1.3. दोन इंचांच्या लिफ्टने कास्टर घटतो, हे ठीक. पण शून्याच्याही खाली?

गाडीखाली शिरलो. आर्ममध्ये कास्टर भरून काढायचे ऑफसेट बुश आधीच बसवलेले होते, भोक मध्यभागी नसलेले. अॅक्सल मागे झुकवायचा तर पुढच्या बुशचं भोक वर आणि मागच्याचं खाली हवं. इथे चारही उलटे होते. जिथे दोन अंश मिळायचे तिथे दोन अंश गेले होते, म्हणजे एकूण चारांचा फरक. बसवणाऱ्याने खूण बघितली नव्हती, आणि नंतरच्या दोघांनी गाडीखाली डोकंही घातलं नव्हतं.

आर्म उतरवले. बुश प्रेसवर काढून अर्धा फेरा फिरवून परत दाबायला दुपार गेली. पोरगा बोल्ट जॅकवरच आवळायला निघाला होता, त्याला थांबवलं. गाडी चाकांवर उभी राहून वजन बसल्यावरच शेवटचा टॉर्क द्यायचा. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. अॅक्सल चार-पाच मिलीमीटर एका बाजूला सरकला होता, तो अॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉडने मध्यावर आणला. शेवटी टो आणि स्टेअरिंगचा मध्य. आता कास्टर 2.7 आणि 2.5.

एक काळजी उरली होती. अॅक्सल मागे झुकला की त्यातल्या डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि पुढच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटवर कोन वाढतो. म्हणून साखळीच्या पुढे ओल्या कच्च्या रस्त्यावर फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन, चालवून बघितली. थरथर नव्हती.

केरीपासून बाई स्वतः चालवायला बसल्या. चोर्ला घाटाच्या पहिल्या मोठ्या वळणातून बाहेर पडताना मी सांगितलं, "पकड सैल करा, पण हात दूर नेऊ नका." तळव्यांखालून स्टेअरिंग सरकत सरकत सरळ झालं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वळणावर त्यांनी मी न सांगताच पकड सैल केली, आणि त्याच्या पुढच्याही.

गॅरेजमध्ये परतल्यावर त्यांनी जुन्या अलाइनमेंटच्या दोन्ही पावत्या पर्समधून काढल्या. दोन्हींवर कास्टरचा रकाना होता, उणे आकड्यासकट छापलेला.