तुम्ही विचारलंत म्हणून: गोल्फ हा काय खेळ आहे का?

रविवारी सायकली भिंतीला टेकवून तर्री-पोह्याची प्लेट हातात आली, की दोन घासांत कोणीतरी विचारतंच, "सर, खरं सांगा, तुमचे साडभाऊ खेळतात ना ते गोल्फ, तो काय खेळ आहे का?" विचारणारा नुकताच काटोल रोडने पन्नास किलोमीटर मारून आलेला असतो, जर्सीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असतात आणि त्याला उत्तर 'नाही' असंच हवं असतं. मी आजवर हसून "थोडी तर्री टाक रे भाऊ" म्हणत विषय बदलत आलो. पण परवा तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून सांगून टाकतो. आहे. शंका मला आपल्या रविवारच्या सायकलिंगची आहे.

माझंही मत आधी तुमच्यासारखंच होतं. चेंडू जागचा हलत नाही, समोरून कोणी टाकत नाही, मागे कोणी धावत नाही. पोट सुटलेली माणसं गवतावरून चालतात आणि त्याला खेळ म्हणतात. साडभाऊ फौजेतून निवृत्त झालेले, वय सहासष्ट, डावा गुडघा कुरकुरणारा. लग्नाकार्यात मी त्यांना यावरून चिडवायचो. एका जेवणात ते म्हणाले, "साडभाऊ, उद्या सहाला या. सायकलवरच या, पाय गरम होतील."

गेलो. फेब्रुवारी होता. त्याच हिवाळ्यात मी 600 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, पूर्ण केली होती, त्यामुळे अंगात थोडी हवा होतीच.

शहराबाहेरचं साधंसं मैदान ते. आपल्याकडच्या उन्हात हिरवळ जगवायला पाणी कुठून आणणार, म्हणून तिथे ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची कापलेली हिरवळ, नाहीतच, ब्राऊन आहेत: तेल कालवलेल्या वाळूचे गोल चौथरे, मधोमध भोक. आधीच्या लोकांच्या बुटांचे ठसे असतात, ते लाकडी फळीने ओढून सपाट करायचे आणि मग चेंडू ढकलायचा. साडभाऊंसोबत काठ्यांची पिशवी उचलणारा, जवळच्या गावातला एक कॅडी होता, विशीतला. त्याने मला काठी कशी धरायची ते दाखवलं. मी पाय रोवले, काठी मागे नेली आणि जीव खाऊन फिरवली. फटका हवेत. चेंडू होता तिथेच.

"एक झाला, सर," कॅडी म्हणाला.

"अरे, लागला कुठे?"

"मारायला गेले ना तुम्ही. मोजतात."

दुसऱ्या फटक्याला चेंडू दहा फूट घरंगळला. तिसरा बाभळीत. सायकलवर मन भरकटलं तरी चाक फिरत राहतं; घरच्या हप्त्यांचा विचार करत मी पाचगावपर्यंत गेलेलो आहे. इथे जागचा न हलणारा तो चेंडूच छळतो. घाई नाही, धक्का नाही, कोणाला दोष द्यायची सोय नाही. जेमतेम 46 ग्रॅमचा चेंडू, काठीचं डोकं त्याला टेकतं ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरतं, आणि तेवढ्यात पात्याचं तोंड दोन अंश वाकडं असलं की चेंडू रस्ता सोडतो. जायचंय कुठे, तर तीनेकशे मीटरवरच्या 108 मिलिमीटर रुंदीच्या भोकात. पोह्याची प्लेट त्याहून मोठी. चौथ्या होलनंतर मी मोजणं सोडलं. कॅडीने नाही सोडलं.

सहाव्या होलला मात्र साडभाऊंचं वेगळंच रूप दिसलं. त्यांचा चेंडू सागाच्या वाळक्या पानाशी अडकला होता. ते वाकले, पान उचललं, चेंडू बोटभर सरकला. मी पाणी पीत होतो, कॅडी पुढे गेला होता. साडभाऊंनी चेंडू मूळ जागी ठेवला आणि आवाज दिला, "माझा एक वाढव रे." नियमच आहे तसा, पंच मात्र कुठेच नाही. मला आमची ब्रेव्हे आठवली. समोरून वारा होता, मी एका ट्रॅक्टरच्या आडोशाने चांगलं सात-आठ किलोमीटर फुकट मारलं होतं, आणि हे आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं. आता तुम्हाला सांगतोय.

ब्रेव्हेचा विषय निघालाच आहे तर, ती शर्यत नसते. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 600 ला 40 तास. वेळेत आलात की झालं. पहिला कोण, शेवटचा कोण, हे कोणी जाहीर करत नाही. मग आपण करतो ते काय? दम लागतो, घाम येतो, हे खरं. पण हिंगण्याच्या एमआयडीसीत डबा लटकवून रोज सायकलने जाणाऱ्या कामगाराला आपल्याहून जास्त घाम येतो, त्याला कोणी खेळाडू म्हणत नाही. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रेस अक्रॉस अमेरिका बारा दिवसांच्या आत एकट्याने पुरी केली, तो खेळ. तिथे घड्याळ हरवू शकतं. आपल्याला रविवारी कोण हरवणार? फार तर पोहे संपलेले असतील.

दमणं म्हणजे खेळ का, हा वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेला आहे. केसी मार्टिन नावाच्या गोल्फरच्या उजव्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात आजार, चालणं धोक्याचं. त्याने मैदानात फिरायला गाडी मागितली, व्यावसायिक गोल्फच्या संस्थेने नकार दिला: चालून येणारा थकवा हा खेळाचाच भाग आहे म्हणे. 2001 मध्ये न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी मार्टिनच्या बाजूने कौल दिला. चालणं हा खेळाचा गाभा नाही, फटका हा गाभा आहे, असा त्याचा मथितार्थ. मला तो पटतो. अठरा होल पायी केले तर आठ-दहा किलोमीटर सहज होतात, पण हे मी तुम्हाला पटवायला सांगणार नाही. तेवढं तर माझी बायको फुटाळ्याला चक्कर मारून येते.

आणि 7 ऑगस्ट 2021 ची पहाट आठवा. तुमच्यापैकीच दोघे मोबाईलवर 'बर्डी म्हणजे काय' शोधत होते. जागतिक क्रमवारीत दोनशेवी आपली गोल्फर अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकात चार दिवसांत 269 फटके खेळली आणि चौथी आली. कांस्य एका फटक्याने गेलं. 269 मध्ये एक! त्या दिवशी कोणी विचारलं नाही, हा खेळ आहे का म्हणून. संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्ण जिंकलं आणि बिचारी सकाळ झाकली गेली.

श्रीमंतांचा खेळ म्हणाल, तर भांडणार नाही. इतकी जमीन आणि इतकं पाणी मोजक्या लोकांसाठी, हे मलाही टोचतं. पण गोल्फर एसएसपी चौरासियाचे वडील कोलकात्याच्या मैदानावर ग्रीन राखायचं काम करायचे, आणि पोराने 2016 आणि 2017 अशी दोनदा इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकली. इकडे भिंतीला टेकलेल्या आपल्या सायकलींमध्ये एक दीड लाखाची आहे, ती कोणाची ते सांगत नाही.

नऊ होल संपले. पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत इतके फटके, होता 36. कॅडीने पेन्सिलीने आकडा घातला आणि कार्ड माझ्या हातात दिलं: 83, हवेतल्या फटक्यासकट. ते कार्ड सीटखालच्या पिशवीत पंक्चरच्या सामानाबरोबर आहे. रविवारी दाखवतो.