डेलावेअर नदीत कनूतून दोन दिवस, एक रात्र, सोबत आठ वर्षांची लेक

"बाबा, अजून किती?" मनूने हा प्रश्न विचारला तेव्हा कनू, म्हणजे वल्ह्यांची लांबट, अरुंद नाव, पाण्यात ढकलून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. खरं उत्तर होतं, जवळपास वीस मैल. मी म्हटलं, "थोडंच गं."

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी, बायको आणि मनू अशी आमची स्वारी निघाली. न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने साधारण दीड तास. डेलावेअर वॉटर गॅप राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रातून ही नदी सुमारे ४० मैल वाहते. प्रवाहाबरोबर जाताना डावीकडे न्यू जर्सी, उजवीकडे पेनसिल्व्हेनिया. उन्हाळ्यात पाणी बेताचं असतं, त्यामुळे नवशिक्यांनाही झेपते. आम्ही डिंगमन्स फेरी या ठिकाणी कनू पाण्यात टाकली आणि दुसऱ्या दिवशी स्मिथफील्ड बीचला बाहेर काढली. लहान मूल बरोबर असेल तर एवढं अंतर कापू नका. वाटेतल्या बुशकिलला उतरलात तर साधारण निम्म्यात काम होतं, आणि मधे पोरांना डुंबायला, दगड भिरकावायला वेळ मिळतो. आम्ही पहिल्या दिवशी दुपारनंतर नुसतं वल्हवत होतो, कारण समोरून वारा सुटला. असा वारा असला की प्रवाह असूनही नाव जागची हलत नाही. सकाळी लवकर निघा, एवढाच त्यावर उपाय.

कनू भाड्याने देणारे बरेच आहेत. आपली गाडी उतरायच्या ठिकाणी लावायची आणि त्यांच्या व्हॅनने वर जायचं. उलट केलंत तर थकलेलं पोर आणि ओलं सामान घेऊन व्हॅनची वाट बघत बसाल. आम्ही कनूबरोबर सामानाचं पिंपही भाड्याने घेतलं होतं, त्याच्या झाकणाचं रबर झिजलेलं निघालं. मनूचे कोरडे कपडे रात्री पिळावे लागले. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट आधी कचऱ्याच्या जाड पिशवीत, मग पिंपात.

लाइफ जॅकेटच्या बाबतीत भिडस्तपणा नको. १३ वर्षांखालच्या मुलांनी ते चालत्या नावेत घालूनच बसायचं, असा नियम आहे. बक्कल लावून झालं की खांद्याच्या पट्ट्या धरून पोराला उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर मोठं होतंय. आम्हाला दिलेलं पहिलं असंच होतं, बदलून घेतलं.

बायको पुढे, मी मागे, मनू मधे तळाशी फोमच्या चटईवर. वजन खाली राहतं, नाव डुलत नाही. पण नुसतं बसवलं की "अजून किती" सुरू. शेवटी बायकोने दुधाच्या गॅलनच्या रिकाम्या डब्याचा तळ कापून तिच्या हातात दिला आणि सांगितलं, वल्ह्यावरून ठिबकणारं पाणी तू उपसायचं. मूठ धरायला आयती, झाकण घट्ट लावलेलं, तिरका कापल्यामुळे काठ तळाला नीट टेकतो. पुढचे दोन तास तिने एक थेंब साचू दिला नाही. पाणी कमी पडलं तेव्हा हळूच बाहेरून आत ओतत होती, हे मी पाहिलं आणि गप्प बसलो.

खळाळत्या उथळ पाण्यात आमची नाव दोनदा दगडावर बसली. उतरून ओढावी लागते, तेव्हा मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात. चपला वाहून जातात. आणि मुलांना घरीच शिकवा: नाव उलटली तर वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, दगडात पाय अडकतो. उताणं व्हायचं, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने.

वॉलपॅक बेंडला नदी इंग्रजी एस अक्षरासारखी वळते. त्या भागात काठावर मुक्काम केला. या जागा आधी ऑनलाइन आरक्षित कराव्या लागतात. पिण्याचं पाणी मिळत नाही, सगळं बरोबर न्या. कचरा परत आणा. सरपण घरून नेऊ नका, त्यातून झाडं पोखरणारे किडे पसरतात. हा काळ्या अस्वलांचा मुलूख आहे, म्हणून आम्ही फोडणीचा मोह टाळला आणि मेतकूट-भात, तूप, भाजलेला पापड यावर भागवलं. उरलेलं खाणं, टूथपेस्टसकट, तंबूपासून लांब झाडाला टांगलं. रात्रभर किड्यांची कटकट इतकी मोठी की मनू म्हणाली, "बाबा, यांना कोणी ऑफ का नाही करत?"

झोपण्याआधी आणि सकाळी गोचीड बघायलाच हवी. इथल्या गोचिडीतून लाइम रोग होतो आणि ती खसखशीएवढीसुद्धा असते. कानामागे, काखेत, गुडघ्याच्या मागे टॉर्च लावून बघा. आम्हाला एक सापडली, माझ्याच गुडघ्यामागे. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढली.

सकाळी पाण्यावर इतकं धुकं होतं की पलीकडचा काठ दिसेना. उन्हं चढेपर्यंत थांबलो आणि गुळाचा चहा केला. या खोऱ्यात धरण बांधायचं १९६२ साली मंजूर झालं होतं, टॉक्स आयलंड धरण. त्यासाठी घरं, शेतं घेतली, माणसं उठवली आणि धरण झालंच नाही. १९७८ साली नदीच्या या पट्ट्याला संरक्षण मिळालं. माझ्या आजोळचं शिवार कोयनेच्या पाण्याखाली आहे, त्यामुळे रिकाम्या काठाकडे मी जरा जास्तच वेळ बघत बसलो. बायकोने हाक मारली तेव्हा चहा गार झाला होता.

दुसऱ्या दिवशीचा टप्पा दुपारी दोनलाच संपला. त्या दिवशी "अजून किती" फक्त एकदा ऐकू आलं, तेही माझ्या तोंडून. भाड्याच्या नावेबरोबर मनू कापलेला डबा परत द्यायला तयार नव्हती. तो आपलाच आहे, हे तिला पटायला वेळ लागला. आता बाथरूममध्ये असतो. बादली भरली की उपसायला बसते.