फॅनवर्मची नावं सारखी का बदलतात?

फॅनवर्मचं वर्गीकरण करते म्हटलं की लोक विचारतातच, "एकदा नाव ठेवलं ना, मग सारखं बदलता कशाला?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते.

फॅनवर्म म्हणजे समुद्रात स्वतः बांधलेल्या नळीत राहणारा वलयी कृमी. नळीच्या तोंडाशी पिसांसारखा तुरा फुललेला दिसतो. त्यानंच तो श्वास घेतो आणि पाण्यातले अन्नकण टिपतो. जरा सावली पडली की तुरा आत. सगळे फोटो या तुऱ्याचेच असतात, पण जात ओळखायला तो क्वचितच पुरतो. एकाच जातीत रंग वेगवेगळे असतात आणि नमुना अल्कोहोलमध्ये ठेवला की ते उडूनही जातात. खरी ओळख नळीतल्या अंगावर असते: शूकांची, म्हणजे अंगावरच्या राठ केसांची, ठेवण, सूक्ष्म आकड्यांचे दात, तुऱ्याखालच्या कॉलरचा आकार, मिथाइल ग्रीन या हिरव्या रंगद्रव्यात बुडवल्यावर अंगाचा कुठला भाग रंग धरतो. हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं, आणि जुन्या वर्णनांत त्यातलं बरंचसं नसतंच.

काही बदल मात्र निव्वळ नियमाचे. काही फॅनवर्मच्या पिसांच्या टोकाला मोठे डोळे असतात. त्यांच्या प्रजातीला, म्हणजे जातींच्या गटाला, योहान्सननं १९२६ मध्ये 'मेगॅलोमा' नाव दिलं. मेगॅलोमा म्हणजे मोठा डोळा. इतकं चपखल नाव मला दुसरं सुचलं नसतं. पण वेस्टवूडनं १८४२ मध्येच ते एका भुंगेऱ्यांच्या प्रजातीला देऊन ठेवलं होतं. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार दोन प्रजातींना एक नाव चालत नाही, आधीचं टिकतं. म्हणून २०१७ मध्ये गिल आणि निशी यांनी 'अ‍ॅक्रोमेगॅलोमा' केलं. अ‍ॅक्रो म्हणजे टोक. डोळा राहिला, तो कुठे आहे हेही नावात आलं. हा बदल मला फार आवडतो.

दुसरे बदल जवळून पाहिल्यामुळे होतात. प्रवाळात राहणारा, दोन रंगीत शंकूंचा 'स्पायरोब्रँकस जायगँटियस' पालासनं १७६६ मध्ये नोंदवला. पुढे जगभरच्या उबदार समुद्रांतल्या तशा कृमींना तेच नाव चिकटलं. आता ते अटलांटिकच्या पश्चिम बाजूच्या जातीपुरतं उरलंय. हिंदी-प्रशांत भागातले कृमी वेगळ्या जातींचे निघाले. २००८ मध्ये तर डीएनएच्या पुराव्यावरून फॅनवर्मच्या सॅबेलिडी या कुळातल्या, म्हणजे प्रजातींच्या गटातल्या, इवल्या कृमींचा एक गटच बाहेर काढून फॅब्रिसिइडी हे स्वतंत्र कूळ केलं.

पण बदलताना मागचा धागा तोडायचा नसतो. 'सॅबेला स्पलांझानी (ग्मेलिन, १७९१)' यातला कंस बघा. ग्मेलिननं या जातीला नाव दिलं, पण दुसऱ्या प्रजातीत घालून, असं तो कंस सांगतो. मूळचा भूमध्य समुद्राकडचा हा कृमी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या बंदरांत उपद्रवी ठरलाय. तिथे त्याची ओळख बरोबर पटली, तरच त्याच्याविषयी आजवर लिहिलेलं सगळं कामी येतं.

म्हणूनच नमुन्याच्या बरणीतली जुनी चिठ्ठी आम्ही कधी काढत नाही. नवं नाव, तारीख आणि ओळखणाऱ्याचं नाव लिहिलेली दुसरी चिठ्ठी तिच्याशेजारी सोडतो. काही बरण्यांत अशा चार-चार असतात, आणि सगळ्यात आधी मी त्या वाचते.