तुम्ही विचारलंत म्हणून : त्यांना गोळ्या पुरतात, मग मला इंजेक्शने का?

मला सोरायटिक आर्थरायटिस, म्हणजे सोरायसिस या त्वचेच्या आजाराशी निगडित संधिवात, आहे असे कळले की बहुतेकांना आपल्या ओळखीतला कोणीतरी आठवतो. त्याला हाच आजार असतो, तो गोळ्यांवर ठणठणीत असतो आणि मग प्रश्न येतो, "तुम्हालाच इंजेक्शने का घ्यावी लागतात?" कधी प्रश्न उलट दिशेनेही येतो: त्या ओळखीच्या माणसाची बोटे वाकडी झालेली असतात, माझे हात मात्र सरळ दिसतात, तेव्हा निदान नक्की बरोबर आहे ना, अशी शंका काढली जाते. विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो; म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते, पण ती नेमकी कुठे उलटेल याचा नेम नसतो. हातापायांचे सांधे, पाठीचा कणा, स्नायूबंध जिथे हाडाला चिकटतात त्या जागा, एखादे अख्खे बोट, नखे आणि त्वचा, यांपैकी कोणाच्या वाट्याला काय येईल आणि किती येईल हे माणसागणिक बदलते. मॉल आणि राइट या दोन डॉक्टरांनी १९७३ मध्ये या आजाराचे पाच प्रकार सांगितले होते: मोजक्या सांध्यांचा आणि दोन्ही बाजूंना सारखा नसलेला, दोन्ही बाजूंच्या अनेक सांध्यांचा, बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांचा, कण्याचा, आणि हाडे झिजवून बोटे आखूड करणारा. हा शेवटचा प्रकार विरळा आहे, पण लोकांच्या लक्षात नेमका तोच राहतो. ही विभागणी समजून घ्यायला सोपी असली, तरी तिच्यावर फार विसंबू नये असे माझे मत आहे, कारण रुग्ण एका कप्प्यात थांबत नाहीत. दोन सांध्यांपासून सुरू झालेला आजार पुढे अनेक सांध्यांत पसरतो, किंवा औषधाने मागे हटतो. म्हणूनच आता प्रकाराच्या नावापेक्षा सध्या कोणकोणत्या जागा धरल्या आहेत हे पाहून उपचार ठरवले जातात.

माझ्या बाबतीत त्या जागा म्हणजे टाचा आणि कंबर. सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टाकताना टाचेच्या मागे, जिथे पोटरीचा जाड स्नायूबंध हाडाला भिडतो, तिथे कळ उठते. कंबरेचे दुखणे विश्रांतीने वाढते आणि हालचालीने कमी होते, हे ऐकणाऱ्याला उफराटे वाटते. पण दाहामुळे होणारी कंबरदुखी अशीच असते. डाव्या पायाचे एक बोट मधूनच मुळापासून टोकापर्यंत सारखे सुजते, कारण तिथे केवळ सांध्याला नव्हे, तर सबंध बोटातल्या स्नायूबंधांच्या आवरणांनाही सूज येते. हातांना काहीही नाही. हात पाहून माझ्या आजाराचा अंदाज करणाऱ्याला काही सापडणार नाही.

आता इंजेक्शनांकडे येतो. मेथोट्रेक्सेटची गोळी, जी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, हातापायांच्या सांध्यांना आणि त्वचेला अनेकांच्या बाबतीत चांगली लागू पडते. कण्याच्या दाहावर मात्र तिचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. कण्यासाठी आधी सूज उतरवणारी वेदनाशामके देतात आणि ती अपुरी पडली की पुढच्या औषधांकडे वळतात, त्यांत टीएनएफ किंवा आयएल-१७ या शरीरातला दाह वाढवणाऱ्या घटकांना अडवणारी इंजेक्शने येतात. त्यांतही निवड असते: आतड्याचा दाहक आजार असलेल्यांना आयएल-१७ अडवणारी औषधे सहसा देत नाहीत, कारण त्याने आतड्याचे दुखणे बळावू शकते. तेव्हा तुमच्या ओळखीच्या गृहस्थांना गोळी पुरते आणि मला पुरत नाही, याचा अर्थ माझा आजार त्यांच्यापेक्षा जहाल आहे असा होत नाही. तो वेगळ्या जागी आहे, एवढेच.

"पण तुमच्या अंगावर चट्टे तर फारसे दिसत नाहीत," हेही ठरलेलेच. त्वचेचा आजार आणि सांध्यांचा आजार एकमेकांच्या प्रमाणात चालत नाहीत. अंगभर चट्टे असलेल्या कित्येकांचे सांधे आयुष्यभर निरोगी राहतात, तर डोक्यात केसांखाली लपलेला एखादाच चट्टा असलेल्याचे गुडघे सुजतात. बहुतेकांना त्वचेचा त्रास आधी होतो आणि सांधे कित्येक वर्षांनी धरतात, पण काहींच्या बाबतीत सांध्यांपासून सुरुवात होते, आणि तेव्हा निदान फार रखडते. नखे मात्र बारकाईने पाहावीत. माझ्या अंगठ्याच्या नखावर टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत आणि कडेला नख खालच्या त्वचेपासून सुटून पिवळसर झाले आहे. नखाचे मूळ शेजारच्या सांध्यावरील स्नायूबंधाशी जोडलेले असते, त्यामुळे नखांतील असे बदल सांध्यांच्या आजाराची शक्यता वाढल्याचे सुचवतात.

रक्ततपासणीचा भरवसाही मर्यादितच. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवातात रक्तात सहसा सापडणारा घटक, या आजारात बहुधा निगेटिव्ह येतो, आणि दाह दाखवणारे सीआरपी अनेक रुग्णांत प्रत्यक्ष सूज असतानाही सामान्य असते. माझेही सामान्यच आले होते.

म्हणून कोणी घरच्या रुग्णासाठी सल्ला विचारला, तर मी औषधाचे नाव सांगत नाही. सोरायसिस असलेल्या माणसाचे अंग सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडलेले राहत असेल, टाच दुखत असेल किंवा एखादे बोट अख्खे सुजत असेल, तर संधिवाततज्ज्ञांकडे जायला सांगतो, आणि तेही लवकर, कारण निदानाला सहा महिन्यांचा उशीरही सांध्यांना महागात पडू शकतो. तिथे गेल्यावर फक्त दुखणारा सांधा न दाखवता टाचा, कंबर, नखे आणि पोटाच्या तक्रारी न विचारताही सांगाव्यात. डोळा लाल होऊन दुखत असेल आणि उजेड सहन होत नसेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.